तिरुडी आली

पेरुंगुडी, चेन्नई
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय मधू,

सप्रेम नमस्कार. तुला, उमाकांतरावांना आणि उन्मेषला अम्माचे आशीर्वाद. आम्ही मायलेकी ठीक आहोत. अम्माचे गुडघे आता केवळ शोभेचे राहिलेत, डोळ्यांचंही तसंच, पण जिभेला अजून धार आहे. माझी बँक अजून नुंगंबाक्कमलाच आहे. जाण्यायेण्यात माणूस घामाने निम्मा होतो, बाकी तक्रार नाही. गेल्या आठवड्यात पावसाने आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी केलं होतं, ते ओसरलं.

फोन असताना हे पत्राचं खूळ कुठून, असं म्हणशील. फोनवर मी काही लिहिलं की तू खाली एक अंगठा टाकतेस आणि विषय मिटतो. आपल्या भाषेत अंगठा दाखवणं म्हणजे काय, ते तुझ्यासारख्या लेखिकेला मी सांगायला नको. म्हणून कागद.

दिवाळी अंक पोचला. ‘उत्तरेचे पाहुणे’ हा तुझा लेख मी अम्माला बाल्कनीत बसवून मोठ्याने वाचून दाखवला. समोर पल्लीकरणैची दलदल, तिच्यावर आमचे हिवाळी पाहुणे उतरलेले, आणि मी वाचत होते तुमच्या इंग्लंडातल्या नॉरफोकच्या किनाऱ्याबद्दल आणि उन्मेषच्या डब्लिनबद्दल. लिहिलं आहेस छान, ते मी नाकारत नाही. ऑक्टोबरात अंधाऱ्या आभाळातून बारीक शीळ घालत येणारे तांबड्या बगलेचे कस्तुर, मार्च उजाडला की बाकीच्यांच्या आधी पोचून स्वतःचंच दोन अक्षरी नाव घोकत बसणारा तो एवढासा वटवट्या. वाचताना इथल्या उकाड्यातही बरं वाटलं.

मग नावं यायला लागली. किनाऱ्यावर लाट आली की पाय उचलून पळणारे आणि लाट परतली की पुन्हा तिच्यामागे धावणारे पांढुरके पक्षी, त्यांचं नाव ‘सोवळ्यातल्या’. चार-पाच वर्षांतून एखाद्या हिवाळ्यात टोळीने उतरून दुकानांसमोरच्या झाडांची लाल फळं फस्त करून निघून जाणारे तुरेवाले, ते ‘वऱ्हाडी’. गोल अंगाची आणि लांब दांड्यासारख्या शेपटीची चिमुरडी, ती ‘पळी’. डब्लिनच्या शाळांच्या मैदानांत हिवाळाभर मान खाली घालून फिरणारे काळ्या गळ्याचे कलहंस, ते ‘हेडमास्तर’. आणि मेमध्ये येऊन ऑगस्ट लागताच जाणारी, तारेवर की फांदीवर कधी टेकतच नाही ती काळी पाकोळी, तिचं नाव ‘उभ्याउभ्या’. लोकांनी पत्रं लिहून या नावांचं कौतुक केलं, असं संपादकांनी खाली छापलं आहे.

अम्मा प्रत्येक नावाला मान डोलवत होती. स्वतःचंच मूल शाळेच्या गॅदरिंगमध्ये स्टेजवर आल्यासारखी. गेली दोन वर्षं तू फोनवर त्या पक्ष्यांच्या चित्रफिती पाठवायचीस, ती फोन डोळ्यांना लावून बघायची आणि तिथल्या तिथे बोलायची. तिचा आवाज जसाच्या तसा फोनमध्ये भरून मी तुला पाठवायचे. दाराशी आलेल्याला नाव ठेवायचं हा तिचा जन्माचा धंदा. तिने माणसांना ठेवलेल्या नावांवरून आमच्या घरात किती भांडणं झाली, ते तू पाहिलं आहेस.

शेवटी तू लिहिलं आहेस, ‘ही विस्मृतीत गेलेली नावं मला तंजावरच्या एका जुन्या मोडी दप्तरात सापडली.’ ते मी वाचायला नको होतं, पण वाचण्याच्या ओघात वाचून गेले. अम्माने विचारलं, “दप्तर कोण गो? मी का?” मी म्हटलं, हो, मधू तुला लाडाने दप्तर म्हणते. ती हसली. मला हसू आलं नाही.

मधू, रागावून लिहीत नाही. तुझे बाबा बदलीवर इथे आले आणि वर्षाच्या आत तुझी आई गेली, तेव्हापासून तू आमच्याच पानावर जेवलीस, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तू माझ्या तंजावरी मराठीची नक्कल करून सगळ्यांना पोट धरून हसवलंस, तेही मी गिळलं. उलट त्या हट्टाने पुस्तकी मराठी शिकले, म्हणून आज हे पत्र तुला नाक न मुरडता वाचता येतंय. तुझं पुस्तक निघणार आहे असं कळलं. त्यात एक ओळ घाल. ‘ही नावं चेन्नईच्या भवानीबाईंनी ठेवली.’ एवढीच. तिचं नाव आजवर रेशन कार्डाखेरीज कुठे छापलेलं नाही. डोळे पुरते जायच्या आत तिला ते बोट ठेवून दाखवायचं आहे, दुसरं काही मागणं नाही.

उत्तर कागदावरच पाठव.

तुझी,
वेणी

* * *

पेरुंगुडी, चेन्नई
८ जून २०२५

प्रिय मधू,

नमस्कार. उन्हाने जीव नकोसा केला आहे, बाकी क्षेम. तुमच्याकडे आता गोठ्यांच्या वाशांवर मातीची घरटी भरली असतील आणि पिलांची तोंडं उघडी पडली असतील. तू पाठवलेली चित्रफीत अम्माने पुन्हापुन्हा बघितली.

तुझं उत्तर कागदावर नाही पण फोनवर आलं, तेही सात महिन्यांनी. शब्द कुणाच्या मालकीचे नसतात, असं तू म्हणतेस. अम्मा गमतीने बोलली, त्याला ‘नावं ठेवली’ म्हणणं जरा जास्त होईल, असंही. आणि दप्तर म्हटलं की वाचक गंभीरपणे घेतात. पेरुंगुडीच्या फ्लॅटमधली म्हातारी म्हटलं की हसतात. तुझं बरोबर असेल. मी बँकेतली बाई, मला साहित्यातलं काय कळतं. मी पुन्हा तो विषय काढणार नाही.

तुला फक्त एक नाव हवं आहे, त्याच्यावाचून पुस्तक अडलं आहे, असं लिहितेस. तारेवर रांगेने बसणारी ती निळ्या पाठीची, लाल गळ्याची, दुभंगलेल्या शेपटीची भिंगरी. एप्रिलमध्ये ती दिसली की तुमच्या गावातली माणसं एकमेकांना फोन करून कळवतात, सप्टेंबरात तारा रिकाम्या झाल्या की हळहळतात. ‘भिंगरी’ हे नाव सगळ्यांना माहीत आहे, तुला न ऐकलेलं, जुनं वाटणारं पाहिजे, आणि तेच पुस्तकाच्या कपाळावर येणार आहे.

तर घे. तिरुडी.

हा शब्द इकडे इतका जुना आहे की कुणी त्याचा उगम विचारत नाही. आमच्या भागात शेंबड्या पोरालाही तो कळतो. मोठ्याने उच्चारलास तर रस्त्यावरची माणसं वळून बघतात. एखादी दिसली की बायका आपापल्या घरातून ‘तिरुडी, तिरुडी’ करत बाहेर येतात. तिरपी उडी मारते ती तिरुडी, असं काही असेल का? ते तू बघ, व्युत्पत्ती हा तुझा प्रांत. मला इतकंच ठाऊक की तुझ्या पुस्तकाला याहून शोभेल असं नाव शोधून सापडायचं नाही. ‘तिरुडी आली’ कसं वाटतं? त्यावर तुझा फोटो पाहिजे मात्र, दुर्बीण गळ्यात असलेला.

आणि पुण्यानंतर चेन्नईलाही प्रकाशन कर. आपल्याच मंडळात. तू जिथे वाढलीस तिथल्या माणसांना तुझा अभिमान वाटायला नको का? पोंगलनंतरचा रविवार मोकळा असतो. हॉल, फलक, पाहुणे, सगळं मी बघते. तू नुसती ये.

अम्माचे आशीर्वाद.

तुझी,
वेणी

* * *

पेरुंगुडी, चेन्नई
२ फेब्रुवारी २०२६

मधुवंती,

नमस्कार. तू विचारलं नाहीस, तरी सांगते: अम्मा बरी आहे.

तुझा निरोप मिळाला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. प्रकाशकांनी पुस्तक बाजारातून परत घेतलं, तुझा पुण्याचा पुढचा कार्यक्रम रद्द झाला, दप्तर दाखवा म्हणून लोक मागे लागलेत, हे सगळं समजलं. त्यावर तू काढलेला तोडगाही समजला. नव्या आवृत्तीत तू छापणार आहेस, ‘तिरुडी हा शब्द चेन्नईच्या श्रीमती भवानीबाई यांनी सांगितला, त्यांच्या वयामुळे गफलत झाली.’ आणि मी होकाराचं चार ओळींचं पत्र द्यावं.

म्हणजे सगळी चांगली नावं दप्तराची आणि एक वाईट तेवढं अम्माचं. एका ओळीसाठी मी तुझ्यापुढे पदर पसरला तेव्हा जागा नव्हती. आता जागा झाली. मधुवंती, मला तुझी चीड येत होती, ती मंडळातल्या त्या रविवारनंतर जरा निवली होती. या निरोपाने पुन्हा पेटली आहे आणि या खेपेला मी ती विझवणार नाही.

आधी सरळ सांगते. शब्द मी दिला, अम्माने नाही. जाणूनबुजून दिला. तिला त्यातलं काहीही माहीत नव्हतं. तिरुडी म्हणजे चोरटी, बाई-चोर, हे तुला त्या दिवशी कळलं. या गावात शाळेची सगळी वर्षं काढून तुला ते ठाऊक नव्हतं, कारण बदलीच्या गावाची भाषा कशाला शिकायची, हे तुमच्या घरातलं तत्त्व. भाजीवालीशी बोलायला तू मला न्यायचीस. मी जन्मभर तुझी दुभाषी होते, मधू, म्हणून मला नेमकं माहीत होतं की तुला काय कळणार नाही. माझं जूनचं पत्र काढून वाच. त्यात एकही वाक्य खोटं नाही.

आता तू न पाहिलेलं सांगते.

मंडळाच्या फाटकावरचा फलक मीच लिहून घेतला. वर मराठीत आणि खाली मोठ्या तमिळ अक्षरांत ‘तिरुडी आली’. शेजारी तुझा फोटो. तमिळमध्ये ‘आली’ला काही अर्थ नाही, त्यामुळे येणाजाणाऱ्यांनी ते बाईचं नाव समजून वाचलं. चोरटी आली. म्हणजे आली नावाची चोरटी. सकाळी फाटकाशी गजरे विकणारी बाई मला बाजूला घेऊन विचारत होती, या आलीने काय लांबवलं, पोलिसांनी फोटो लावलाय का, आणि गळ्यात ती दुर्बीण कसली, घरं हेरायची का. मी म्हटलं, हो, लांबूनच हेरते. तिने टोपली जवळ ओढून घेतली. थोड्या वेळाने तू गाडीतून उतरलीस, फलक पाहून खूश झालीस आणि त्याला टेकून फोटो काढून घेतलास. तिच्याकडूनच गजरा घेतलास. ती तुझ्या हातांकडे बघत होती. तो फोटो तू जगभर पाठवलास, ते काम मला करावं लागलं नाही.

मंडळातल्यांनी तुला आधी का सांगितलं नाही, असा तुझा प्रश्न आहे. तांबरमच्या एकोजीरावांनी मला फोन केला होता. ते आमचे, तंजावरच्याच घरातले, मंडळाचे सगळ्यांत जुने सभासद. बाईंना या शब्दाचा अर्थ माहीत आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लेखिकाबाई जुनं दप्तर वाचून आल्यात, आपण कोण सांगणार. ते सरळमार्गी गृहस्थ, त्यांनी ते मानलं.

हॉल भरला होता. पुढे बदलीवर आलेली तुमची पुण्या-नाशिकची मंडळी, मागे आमची. अम्माला मी चाकाच्या खुर्चीवर पहिल्या रांगेत बसवलं होतं. तू आलीस, तिच्या पाया पडलीस आणि वर बघून लोकांना म्हणालीस, या आमच्या शेजारच्या आजी, यांची मराठी ऐका कधी, फार मजेशीर असते. शेजारच्या. मग माईक हातात आल्यावर तू अम्माच्या सुरात दोन वाक्यं बोलून दाखवलीस, पुढच्या रांगा हसल्या, आणि अम्माही हसली, कारण तिला वाटलं तू लाड करते आहेस. मी तुला सांगते, तोवर माझा निश्चय डळमळत होता. बँकेतून घरी परतताना कितीदा तरी वाटलं होतं की पुरे, फोन करून सांगावं. त्या दोन वाक्यांनी माझा निश्चय पक्का केला.

मग तू तिरुडीवर बोललीस. तिरपी उडी ती तिरुडी, तीनशे वर्षांमागे तंजावरच्या अंगणांत लेकीबाळी ही हाक मारायच्या, आणि आता नॉरफोकमध्ये एप्रिल लागला की मीही अंगणात उभी राहून हाक मारते, ‘तिरुडी आली, तिरुडी आली.’ मागच्या रांगांतले पदर तोंडाशी गेले होते. तुला वाटलं रडताहेत.

तेव्हा मी उठले. ते तुला आठवत असेल. त्या एका प्रश्नासाठी मी सगळा घाट घातला होता. तू तोंडातून खरं काढलं असतंस तर मी व्यासपीठावर येऊन, चूक माझी, मी गंमत केली, असं सांगून तुला वाचवणार होते. देवाशपथ सांगते. मी विचारलं, “मधुवंतीबाई, हा शब्द तुम्हांला कुणी दिला?”

तू माझ्याकडे पाहिलंस. मी कोण हे त्या हॉलमध्ये तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. अम्मा तुझ्यापासून चार हातांवर बसली होती.

“शब्द कुणी देत नसतं,” तू म्हणालीस. “शोधावा लागतो. मी स्वतः मोडी कागद चाळलेत.”

मी खाली बसले. एकोजीरावांकडे पाहून मान हलवली. ते बिचारे उभे राहिले आणि हात जोडून अगदी हळू म्हणाले, “बाईसाहेब, क्षमा असावी. तमिळमध्ये तिरुडी म्हणजे चोरी करणारी बाई.”

पुढचं तू सोसलंस, मी बघितलं. चोरी पचली असती, पण बढाई पचली नाही. लोक किती वेळ हसत होते, त्याचा मला कंटाळा आला नाही. तू पदराशी चाळा करत पाण्याचा पेला शोधत होतीस, तोही माझ्या बाजूला होता, मी तो दिला नाही.

आता तुझी अडचण बघ. शब्द वेणीने दिला म्हणालीस, तर लोक पुढचं विचारतील: मग बाकीचे कुणी दिले? आणि माझं नाव घेतलं नाहीस, तर दप्तर दाखवावं लागेल. म्हणून तू मधली वाट काढलीस, म्हातारीच्या माथी मारायची. ती वाट मी आठवड्यापूर्वीच बंद केली. अम्माचे ते सगळे आवाज, सोवळ्यातल्या, पळी, वऱ्हाडी, हेडमास्तर, उभ्याउभ्या, तुझ्या चित्रफितींसकट मी मंडळाच्या गटावर टाकले, आणि एकोजीरावांनी ते तुझ्या संपादकांना आणि प्रकाशकांना पाठवले. प्रत्येकात ती आधी तुझी चौकशी करते, मधू जेवली का, तिकडे फार गारठा आहे का, मग पक्ष्याला नाव ठेवते. आता ती नावं कुणाची, हे विचारायची कुणाला गरज नाही. संपादकांनी तिला पत्र पाठवलं आहे. पाकिटावर तिचं नाव छापील आहे, त्यावर मी तिचं बोट ठेवून दाखवलं.

तेव्हा होकाराचं पत्र मिळणार नाही. नव्या आवृत्तीत तिचं नाव घालू नकोस, चांगल्या नावांसाठीही नको. चोरीच्या घरात तिला पाटावर बसवायचं मला काही कारण नाही.

इथेच थांबणार होते. पण अम्माने मला थांबू दिलं नाही. त्या रविवारी लोक तुला हसत होते तेव्हा ती हसली नव्हती. घरी आल्यावर म्हणाली, “अगो, मधूनं चोरलं असंल. त्या पाखरानं काय चोरलंय?” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तुझ्या पुस्तकात त्या बिचाऱ्या भिंगरीला चोरटी म्हणून छापलं, हे तिला सहन होत नाही. तिचं म्हणणं, मी तुला खरं नाव कळवलंच पाहिजे. कारण तिने ते ठेवलं होतं. तू चित्रफीत पाठवलीस त्याच दिवशी ठेवलं होतं, आणि तो एक आवाज मी तुला पाठवला नाही. गटावरही टाकला नाही. तो कुणी ऐकावा असं मला वाटत नाही, तू तर नाहीच. म्हणून लिहून कळवते, अम्माचा शब्द मोडायचा नाही म्हणून.

चित्रफितीत ती भिंगरी वाशाखालच्या घरट्यात पिलांना भरवत होती. ही तुमच्याकडे फक्त पिलं काढायला येते आणि ती उडती झाली की समुद्रापार जाते, हे तू लिहिलं होतंस. मी ते अम्माला वाचून दाखवलं. अम्माने फोन पुन्हा डोळ्यांना लावला. उन्मेषच्या वेळी तुला आई नव्हती आणि सासरचं कुणी करणारं नव्हतं, म्हणून सातव्या महिन्यात ती स्वतः जाऊन तुला आमच्या तेव्हाच्या तांबरमच्या क्वार्टर्समध्ये घेऊन आली होती. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाचं न्हाणं, सगळं तिने केलं, आणि सव्वा महिन्याने तू गेलीस ती समुद्रापारच. तिला तेच आठवलं असणार. ती म्हणाली, “ही आपली मधू गो. हिला माहेरवाशीण म्हणायचं.”

हे नाव पुस्तकावर आलं असतं. वर तुझा फोटो, खाली ‘माहेरवाशीण आली’. एका ओळीत तिचं नाव घालायचं होतं, बस्स.

एप्रिलमध्ये तुझ्या अंगणात ती भिंगरी येईल तेव्हा तिला काय हाक मारायची, ते तू ठरव. या घरातून तुला हाक मारणारी एकच उरली आहे, आणि मी हे पत्र संपवत असताना तिने पुन्हा विचारलं, मधू परत कधी येणार. मी तिला सांगितलं, ती आता येणार नाही.

तुझं माहेर होतं त्या घरातून,
कृष्णवेणी